हॅलोविन, नाताळ आणि ईस्टर: ‘पेगन’ नेमकं काय आहे आणि काय नाही

प्रश्न असा: वसईतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या प्रार्थनागटात दर ऑक्टोबरात एक संदेश फिरतो. त्यात म्हटलंय की हॅलोविन हा ‘सॅम्हेन’ नावाच्या मृत्यूच्या देवाचा सण आहे, नाताळ हा सूर्यदेवाचा वाढदिवस आहे आणि ईस्टर हे बॅबिलॉनच्या इश्तार देवीचं नाव आहे. म्हणजे हे सगळे ‘पेगन’, ख्रिस्ती धर्माआधीच्या देवपूजकांचे सण, तेव्हा खऱ्या विश्वासणाऱ्याने यातलं काहीच पाळू नये. इकडे सोसायटीत ३१ ऑक्टोबरला मुलांचा कार्यक्रम आहे. संदेशात खरं किती, आणि मुलांना पाठवावं की नाही?

पहिला दावा साफ चूक आहे. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे. तिसरा एकोणिसाव्या शतकातल्या एका पुस्तकाने पसरवला. पण हे सगळं स्पष्ट झालं तरी मुलांचा प्रश्न उरतोच, कारण सण कुठून आला हे कळल्याने तो पाळावा की नाही हे ठरत नाही. म्हणून दोन्हींची उत्तरं वेगवेगळी देतो.

‘हा सण मुळात कुणाचा?’ या एका प्रश्नात चार प्रश्न दडलेले असतात. तारीख कुठून आली? नाव कुठून आलं? रीत कुठून आली? आणि आज सण पाळणारा माणूस तो कशासाठी पाळतो? या चारांची उत्तरं बहुतेक वेळा चार वेगळ्या शतकांत सापडतात. संदेश लिहिणारे एकाचं उत्तर घेतात आणि उरलेल्या तिघांना चिकटवतात. तिथेच सगळी गडबड होते.

साधा ‘रविवार’ घ्या. नाव सूर्याचं, पण रविवारी मिस्साला जाणारा माणूस सूर्याच्या पूजेला जात नाही. गोव्यातला ख्रिस्ती माणूस कोकणीत ‘आयतार’ म्हणतो, त्यातही आदित्य आहेच. पोर्तुगीज भाषेत मात्र सोमवार म्हणजे ‘दुसरा’, मंगळवार म्हणजे ‘तिसरा’, असे शुक्रवारपर्यंत आकडे आहेत. सहाव्या शतकात ब्रागाचा बिशप मार्टिन याने वारांना रोमन देवतांची नावं देण्यावर कडक टीका केली होती, आणि आकड्यांची पद्धत त्याच प्रदेशात टिकली. म्हणजे आज तुमच्या गटात चाललेला वाद जवळपास दीड हजार वर्षं जुना आहे. पश्चिम युरोपातल्या इतर बहुतेक ख्रिस्ती लोकांनी वारांची जुनी नावं तशीच ठेवली आणि त्यांच्या उपासनेचं काही बिघडलं नाही.

आता हॅलोविन. नावाचा उलगडा सोपा आहे: ‘हॅलो’ म्हणजे संत आणि ‘ईन’ म्हणजे आदली संध्याकाळ. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची ही पूर्वसंध्या. नाव पूर्णपणे ख्रिस्ती आहे.

तारखेकडे नीट लक्ष द्या, कारण सगळा आरोप तिच्यावर उभा आहे. नेहमीची गोष्ट अशी सांगतात की आयर्लंडमधले केल्ट लोक १ नोव्हेंबरला सॅम्हेन पाळत (खरा उच्चार ‘साउइन’च्या जवळचा), आणि तो दाबण्यासाठी पोपने आपला सण त्याच दिवशी आणून बसवला. कागद काय सांगतात ते पाहा. ६०९च्या सुमारास पोप बोनिफेस चौथा याने रोममधलं पँथिऑन हे देवालय मरिया आणि सर्व रक्तसाक्ष्यांना (श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांना) अर्पण केलं, तो दिवस १३ मे. आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरा याने सेंट पीटरमध्ये सर्व संतांच्या अवशेषांसाठी प्रार्थनालय उभारलं. ८०० साली अल्क्विन हा विद्वान साल्झबर्गच्या आर्चबिशप आर्नला लिहिताना १ नोव्हेंबरच्या सणाचा उल्लेख करतो. ८३५ मध्ये पोप ग्रेगरी चौथा याच्या आग्रहावरून सम्राट लुई द पायस याने तो सण फ्रँक साम्राज्यभर लागू केला. १ नोव्हेंबरचे हे जुने पुरावे इंग्लंड आणि जर्मन प्रदेशांतले आहेत. खुद्द आयर्लंडमध्ये काय होतं? ८००च्या सुमारास ओएंगस या आयरिश भिक्षूने रचलेल्या संतपंचांगात सर्व संतांचा सण २० एप्रिलला आहे.

या एका नोंदीने नेहमीची गोष्ट कोसळते. सॅम्हेन ज्या देशात जोमाने पाळला जात होता, तिथल्या चर्चने सर्व संतांचा सण वसंतात ठेवला होता. सॅम्हेनवर पांघरूण घालण्यासाठी नोव्हेंबर निवडला असता, तर ती सुरुवात आयर्लंडमधून व्हायला हवी होती. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हा मुद्दा ठामपणे मांडला आहे, आणि त्याला पटण्याजोगं उत्तर माझ्या वाचनात नाही.

आणखी एक गंमत पाहा. रोमन लोक घरातल्या भुतांना शांत करण्यासाठी लेमुरिया पाळत, मे महिन्याच्या ९, ११ आणि १३ तारखांना. म्हणजे सर्व संतांची मूळची १३ मे ही तारीखच भुतांच्या सणावर येते! तारखा जुळल्या म्हणजे चोरी सिद्ध झाली असं मानलं, तर चर्च भुतांचा दिवस सोडून नोव्हेंबरकडे गेलं असंही म्हणावं लागेल. वर्षात दिवस ३६५, आणि जुन्या समाजांचे सण त्याहून कितीतरी जास्त. तारखा जुळतातच. नुसती जुळणी हा पुरावा नाही. कुणी कुणाकडे पाहून तारीख ठरवली, हे सांगणारा त्या काळचा कागद लागतो.

मग सॅम्हेन होता की नाही? होता. आयरिश साहित्यात तो हिवाळ्याच्या सुरुवातीचा सण आहे: गुरं डोंगरावरून खाली आणायची, राजांच्या सभा, मेजवान्या, आणि टेकड्यांखालच्या अद्भुत लोकांचं जग त्या रात्री उघडं होणं. ‘कू खुलिनचं आजारपण’ या कथेत तो आधीचे तीन आणि नंतरचे तीन दिवस धरून साजरा होतो. पण ही साहित्यपरंपरा ख्रिस्ती मठांत लिहिली गेली, पेगन काळ सरल्यानंतर. तिच्यात मृतांच्या पूजेचं वर्णन नाही, आणि सॅम्हेन नावाचा देव तर कुठेच नाही. तो ‘देव’ अठराव्या शतकात चार्ल्स व्हॅलन्सी नावाच्या ब्रिटिश लष्करी अभियंत्याच्या लिखाणातून पुढे आला. त्याला आयरिश भाषेचा नाद होता, पण व्युत्पत्ती तो मनाला येईल तशी लावायचा. ‘सॅम्हेन म्हणजे केल्टिक नववर्ष’ ही कल्पना वेल्श विद्वान जॉन राइस यांनी १८८६च्या व्याख्यानांत मांडली. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी तिला मृतांच्या सणाची जोड दिली, आणि विसाव्या शतकात ती शाळेच्या पुस्तकांत जाऊन बसली. केल्ट लोकांचे ड्रुइड नावाचे पुजारी दारोदार फिरून बळी मागत, ही गोष्ट तर कुठल्याच प्राचीन लेखकाकडे नाही. ज्युलियस सीझर गॉलमधल्या (साधारण आजच्या फ्रान्समधल्या) नरबळींबद्दल लिहितो, पण तो ना तारीख देतो, ना दारोदार फिरण्याचं काही सांगतो.

हॅलोविनमधला मृतांचा धागा मात्र खरा आहे, आणि तो बराचसा चर्चमधूनच आला आहे. १०००च्या आसपास फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा प्रमुख ओडिलो याने २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना सुरू केली. शुद्धिस्थानातल्या (स्वर्गाआधी शुद्ध होत असलेल्या) आत्म्यांसाठी त्या दिवसांत घंटा वाजवत. इंग्लंडमध्ये गरीब माणसं आणि मुलं दारोदार जाऊन मृतांसाठी प्रार्थना करायचं वचन देत आणि बदल्यात ‘सोल केक’ नावाची छोटी गोड पोळी घेत. श्रॉपशर आणि चेशर परगण्यांत ही चाल एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली होती. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये मुखवटे घालून दारोदार फिरत. अमेरिकेतल्या ‘ट्रिक ऑर ट्रीट’चं या चालींशी साम्य आहे, पण ते शब्द आणि आजची पद्धत विसाव्या शतकात कॅनडा आणि अमेरिकेत रूढ झाली. कंदीलही आयर्लंडमध्ये सलगमाचा होता. स्थलांतरितांना अमेरिकेत लाल भोपळा मिळाला. तो मोठा आणि कोरायला मऊ, म्हणून तोच रुजला.

रात्रीच्या रिती जवळून पाहायच्या असतील तर रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीची १७८५ची ‘हॅलोविन’ ही कविता वाचा. तिच्या टिपांत तो रीतसर सांगतो: तरुण मुलं-मुली डोळे मिटून केलच्या (कोबीच्या जातीच्या भाजीच्या) शेतात जातात आणि हाताला लागेल तो पहिला दांडा उपटतात. दांडा सरळ निघाला की वाकडा, त्यावरून जोडीदाराची अंगकाठी. मुळाला माती चिकटली असेल तर हुंडा येणार. आतला गर चाखून बघायचा, गोड की कडू, तसा स्वभाव. शेगडीत दोन बिया शेजारी ठेवायच्या. शांतपणे एकत्र जळल्या तर प्रेम जुळेल, एक उडाली तर मोडेल. हा खेड्यातला लग्नाचा खेळ आहे. शकुन बघणं त्यात आहे, हे मात्र मी लपवणार नाही. त्याकडे पुढे येतो.

नाताळाचा दावा जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. संदेशांत ‘सम्राट ऑरेलियनने २७४ साली २५ डिसेंबरला सूर्याचा सण सुरू केला’ असं ठोकून दिलेलं असतं. ऑरेलियनने २७४ मध्ये अजिंक्य सूर्याचं मंदिर अर्पण केलं हे खरं, पण त्या काळच्या लेखकांनी २५ डिसेंबर ही तारीख दिलेली नाही. ती तारीख सापडते ३५४ सालच्या एका रोमन पंचांगसंग्रहात. त्यात २५ डिसेंबरपुढे ‘अजिंक्याचा जन्म, तीस रथशर्यती’ अशी नोंद आहे. आणि त्याच संग्रहात रक्तसाक्ष्यांची एक यादी आहे, मूळची ३३६ची, जिची सुरुवातच अशी: २५ डिसेंबर, यहूदियातील बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. एकाच ग्रंथात दोन्ही नोंदी, आणि त्यांतली ख्रिस्ती यादी जुनी. आधी कोण, याचा निकाल यावरून पेगन बाजूने लागत नाही.

दुसरा मार्ग हिशोबाचा. रोममध्ये ख्रिस्ताच्या मृत्यूची तारीख २५ मार्च धरत. जुन्या विचारात महापुरुषाचं आयुष्य पूर्ण वर्षांचं मानत, म्हणून गर्भधारणाही त्याच दिवशी. तिथून नऊ महिने मोजा: २५ डिसेंबर. संत ऑगस्टीन ही जोडणी ‘त्रैक्यावर’ या ग्रंथात स्पष्ट लिहितो. पूर्वेकडे मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरली होती, तिथून नऊ महिन्यांनी ६ जानेवारी येते. आर्मेनियन चर्च आजही याच दिवशी नाताळ करतं. हा हिशोब दोन्ही तारखा एका फटक्यात सोडवतो, म्हणून तो मला जास्त वजनाचा वाटतो. तरी सूर्य या गोष्टीतून पूर्ण बाहेर काढता येत नाही. जुन्या रोमन कालगणनेत २५ डिसेंबर हा दक्षिणायन संपण्याचा दिवस मानला जाई, आणि पाचव्या शतकात पोप लिओ हा ख्रिस्ती लोकांना झापतो, की तुम्ही सेंट पीटरच्या पायऱ्यांवर वळून उगवत्या सूर्याला वाकता. प्रतिमांची सरमिसळ लोकांत होती आणि चर्चला ती खटकत होती.

याच विषयात एक सापळा आहे. ‘सूर्याच्या सणामुळे ६ जानेवारीचा सण २५ डिसेंबरला हलवला’ हे वाक्य बरेच जण चौथ्या शतकातली कबुली म्हणून देतात. ती बाराव्या शतकातल्या सिरियन हस्तलिखितातली समासातली टीप आहे. आठशे वर्षांनंतरच्या माणसाचा तो अंदाज आहे. कुठलाही दावा तपासताना आधी हेच विचारा: हे सर्वात आधी कुणी, कुठे आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं?

ईस्टरवर फार वेळ नको. बहुतेक भाषांत या सणाचं नाव ‘पास्का’वरून आहे, म्हणजे हिब्रू ‘पेसाह’, मराठी बायबलमधलं वल्हांडण. गोव्यात ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतात. ‘ईस्टर’ हा शब्द मुख्यतः इंग्रजी-जर्मन पट्ट्यातला. ७२५ साली बीड या इंग्रज भिक्षूने लिहिलं की पूर्वी एप्रिलला ‘एओस्त्रे’ नावाच्या देवीचा महिना म्हणत. १९५८ मध्ये जर्मनीत मोर्केन-हार्फजवळ दीडशेहून जास्त रोमन कोरीव लेख सापडले, मिळत्याजुळत्या नावाच्या मातृदेवतांना वाहिलेले. म्हणून बीडने नाव मनातून काढलं असं म्हणणं कठीण झालं आहे. म्हणजे इथे नाव पेगन असू शकतं, पण महिन्यावरून आलेलं, आपल्या रविवारासारखं. इश्तारशी संबंध नाही. ती जोडणी १८५३ मध्ये स्कॉटिश पाळक अलेक्झांडर हिस्लॉप यांच्या ‘टू बॅबिलॉन्स’ने पसरवली, आणि तिचा आधार एवढाच की दोन शब्द कानाला सारखे लागतात. अंड्यांचं कारण स्वयंपाकघरातलं आहे. उपवासकाळात अंडी वर्ज्य होती, कोंबड्या थांबत नव्हत्या, सणाला साठा बाहेर निघे. १२९० मध्ये इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला याच्या हिशोबात ४५० अंड्यांचे १८ पेनी लिहिलेले आहेत.

‘म्हणजे चर्चने पेगन लोकांकडून काहीच घेतलं नाही?’ घेतलं, आणि उघडपणे घेतलं. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी पहिला याने मेलिटस या मिशनऱ्याला इंग्लंडकडे जाताना पत्र पाठवलं: देवळं पाडू नका, मूर्ती तेवढ्या काढा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी बांधा. लोकांना बैल कापायची सवय आहे, तर संतांच्या दिवशी झोपड्या बांधून मेजवानी करू द्या, फक्त बळी सैतानाला म्हणून नको, प्राणी कापायचे ते जेवणासाठी. हे पत्र बीडच्या इतिहासात पूर्ण दिलेलं आहे. विशेष म्हणजे काही आठवडे आधी याच पोपने राजा एथेलबर्टला देवळं पाडायला सांगितलं होतं. विचार बदलला आणि दोन्ही पत्रं उरली. आपल्याकडे हाच प्रकार भातशेतीत दिसतो: गोव्यात राय गावात ५ ऑगस्टला नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद देण्याचा ‘कोणसांचें फेस्त’ होतो, आणि हिंदू घरांत चतुर्थीच्या दिवसांत ‘नवें’ आणतात. पीक एक, हंगाम एक, प्रार्थना वेगळ्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग ‘सण पेगन आहेत’ हा हल्ला आला कुठून? प्रॉटेस्टंट सुधारणेतून. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये नाताळ आणि ईस्टर रद्द केले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन (कडक प्रॉटेस्टंट) वसाहतीत १६५९ ते १६८१ नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. त्यांचा रोख रोमवर होता: बायबलात नाही, पोपने आणलं, म्हणून ते पेगन. हिस्लॉप यांच्या पुस्तकाचाही सगळा रोख कॅथलिक चर्च म्हणजे बॅबिलॉन हे दाखवण्यावर आहे. म्हणून वसईतल्या कॅथलिक गटात हा संदेश फिरतो तेव्हा वाईट वाटतं. लोक आपल्याच आजी-आजोबांच्या श्रद्धेविरुद्ध लिहिलेली पत्रकं पुढे पाठवत असतात आणि त्यांना ते ठाऊक नसतं.

आता मुलांचा प्रश्न. याचं उत्तर प्रेषित पौलाने बायबलमधल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, आठव्या ते दहाव्या अध्यायांत दिलेलं आहे, आणि महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांना ते अनोळखी नाही; गणपतीत शेजारचा मोदक दारात येतो तेव्हा हाच उतारा काढला जातो. पौल तीन प्रसंग वेगळे करतो. बाजारात विकलं जाणारं मांस: चौकशी न करता खा. कुणाच्या घरी जेवण: वाढलेलं खा, पण कुणी ‘हे नैवेद्याचं आहे’ असं मुद्दाम सांगितलं तर त्याच्या मनासाठी थांबा. देवळातल्या पंगतीत भागीदारी: नको. हॅलोविनला लावून पाहा. भोपळा, चॉकलेट, रंगीत कपडे हा बाजार झाला. सोसायटीचा कार्यक्रम हे शेजाऱ्याचं घर. उईजा बोर्ड (आत्म्यांशी बोलण्यासाठी वापरतात ती अक्षरांची पाटी), मेलेल्यांना बोलावणं, गंमत म्हणून भविष्य बघणं हे तिसऱ्या खान्यात जातं, कारण बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात नेमकं हेच मना केलेलं आहे. बर्न्सच्या बियांचा खेळही कडक घरांत इथेच ठेवतील, आणि ते मला मान्य आहे.

जे पालक अजिबात पाठवत नाहीत त्यांनाही रोमकरांच्या चौदाव्या अध्यायाचा आधार आहे: एक जण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे सारखे मानतो, प्रत्येकाने मनाची खात्री करून घ्यावी. त्यांनी न पाठवण्याचं कारण ‘सॅम्हेन देव’ असं देऊ नये, एवढंच. मुलगा पंधरा वर्षांचा झाला की स्वतः शोधेल, गोष्ट खोटी निघाली की घरच्या बाकीच्या शिकवणीवरचाही विश्वास जाईल. ‘रक्त आणि भीतीचा खेळ आम्हाला आवडत नाही’ हे कारण खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे. तसंच, विक्कासारख्या आधुनिक पेगन पंथांचे लोक आज सॅम्हेन खरोखर श्रद्धेने पाळतात. ते विसाव्या शतकात उभे राहिलेले पंथ आहेत आणि सैतानाला मानत नाहीत. त्यांच्याबद्दल मुलांसमोर खोटं बोलू नका.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत आणखी एक वाक्य चालतं: ‘हॅलोविन म्हणजे त्यांचा पितृपक्ष.’ तुलना करायचीच तर ती २ नोव्हेंबरशी करा. त्या दिवशी मुंबईत शिवडीच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत घरची माणसं कबरी धुतात, फुलं आणि मेणबत्त्या लावतात. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या रात्री बहुतेक घरांत पूर्वजांसाठी कुणी काही करत नाही.

तुमच्या चर्चमध्ये पर्याय उभा करायचा असेल तर २००२ मध्ये पॅरिसला सुरू झालेला ‘होलीविन्स’ हा नमुना आहे: ३१च्या संध्याकाळी मुलं संतांचे वेश करून येतात. तो फसतो कुठे, तर मोठी माणसं तीन तास प्रवचन देतात आणि खाऊ विसरतात. दीड तास पुरे. प्रत्येक मुलाने आपल्या संताबद्दल चार वाक्यं सांगावीत, आणि वेश लुगड्याच्या काठाचा, घरच्या चादरीचा असावा, विकतचा नको. १ तारखेला मिस्सा. २ तारखेला मुलांना आजोबांच्या कबरीवर न्या, नाव वाचून दाखवा आणि मेणबत्ती त्यांच्या हातानेच लावू द्या. वारा असेल तर काचेच्या पेल्यात ठेवा.